जातानाचं अ‍ॅव्हरेज

आमच्याकडं गाडी दिसली की लोक रंग विचारत नाहीत, वेग विचारत नाहीत, कितव्या वर्षाची आहे हेही नंतर विचारतात. आधी विचारतात, "किती देते?" म्हणजे एका लिटरमध्ये किती किलोमीटर जाते. नव्वदच्या दशकात नगर जिल्ह्यात गाडीवाल्या माणसाला या प्रश्नाचं उत्तर झोपेतून उठवलं तरी देता यावं लागे. माझ्या वडिलांचं, अण्णांचं, उत्तर ठरलेलं होतं. अठरा.

अण्णा मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आणि दोन महिन्यांत त्यांनी एक जुनी, पेट्रोलवर चालणारी, फिक्कट निळी गाडी घेतली. नगरात आमच्या वस्तीत विहाराला लागून जी गल्ली आहे, तिथली ती पहिली चारचाकी. पोरांनी तिला हात लावून पाहिलं, बायकांनी कुंकू लावलं नाही पण फुलं वाहिली. समोरच्या आळीतले एक निवृत्त हेडक्लार्क मात्र दात कोरत कोरत आले आणि गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "मास्तर, हा हत्ती पोसणं परवडतं का तुम्हाला?"

'तुम्हाला' या शब्दावर त्यांनी दिलेला जोर अण्णांनाही ऐकू आला आणि मलाही. अण्णा पाण्याच्या बादलीत फडकं पिळत होते. ते म्हणाले, "अठरा देते." हेडक्लार्क दात कोरायची काडी फेकून परत फिरले. त्या दिवसापासून परवडतं का असं कुणी विचारलं की अण्णा तोच आकडा पुढं करायचे आणि विषय संपायचा.

मी तेव्हा पंचविशीच्या आतबाहेर होते आणि मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. मला एक वाईट खोड आहे. कुणी आकडा सांगितला की तो कसा काढला हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. लग्नाच्या जेवणात पाचशे पान उठलं असं कुणी म्हणालं तरी मी पंगती मोजते. त्यामुळं अठराचा किडा माझ्या डोक्यात पहिल्या आठवड्यापासून वळवळत होता.

दर रविवारी आम्ही सोनईच्या पलीकडं आमच्या गावी जायचो. नगरच्या वेशीवरच्या पंपावर अण्णा टाकी गळ्यापर्यंत भरायचे. मग औरंगाबाद रस्त्यानं जेऊर मागं टाकलं की इमामपूरचा घाट लागतो, आणि नगरहून जाताना तो सगळा उतरणीचा. घाटाच्या तोंडाशी आलं की अण्णा गिअर काढायचे, किल्ली एक घर मागं फिरवायचे आणि इंजिन बंद करायचे.

पुढच्या काही मिनिटांचं मला अजून नवल वाटतं. सगळा खडखडाट एकदम थांबायचा. काचेतून वारा ऐकू यायचा, डोंगरावरच्या शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू यायच्या, आईचं "अहो, चालू करा ना" ऐकू यायचं. अण्णांचा एक पाय ब्रेकवर आणि चेहऱ्यावर असा आनंद, जणू जन्मभर शिकवलेल्या सगळ्या मुलांना एकाच वर्षी पहिला नंबर मिळाला असावा. ब्रेक तापून वास यायला लागायचा. पांढरी पुलाच्या अलीकडं रस्ता सपाट होऊ लागला की ते तिसरा गिअर टाकून क्लच सोडायचे आणि इंजिन एक हिसका देऊन जागं व्हायचं. इंजिन बंद ठेवून घाट उतरणं धोक्याचं आहे, हे मी त्यांना पुस्तक उघडून दाखवलं होतं. ते म्हणायचे, "पुस्तक लिहिणाऱ्यानं आपला घाट पाहिलाय का?"

सोनईला पोचल्यावर तिथल्या पंपावर ते पुन्हा टाकी भरून घ्यायचे. चाळीसएक किलोमीटरला सव्वादोन लिटरच्या आतच पेट्रोल बसायचं. "बघ," ते म्हणायचे, "अठरा."

खरी गंमत त्यापुढं होती. इतकं थेंबाथेंबानं वाचवलेलं पेट्रोल अण्णा गावात शिरताना उधळायचे. चावडीपुढच्या लिंबाखाली गाडी उभी करून इंजिन दहा दहा मिनिटं चालू ठेवायचे, मधूनच पाय दाबून त्याला जरा गुरगुरायला लावायचे. त्याच चावडीपुढून माझे आजोबा चपला हातात घेऊन जात. हे अण्णांनी मला एकदाच सांगितलं होतं, तेही दुसरीकडं बघत. मी विज्ञानाची बाई असले तरी त्या दहा मिनिटांच्या पेट्रोलविषयी मी कधी तोंड उघडलं नाही.

परत येताना मात्र डिकीत बाजरीचं पोतं, कांदे, मागच्या सीटवर नगरला दवाखान्यात जायला निघालेलं कुणीतरी भावकीतलं, आणि समोर तोच घाट, आता चढणीचा. गाडी दुसऱ्या गिअरवर कण्हत चढायची. नगरला पोचल्यावर अण्णा पंपासमोरून सरळ घरी यायचे.

एकदा मी विचारलं, "अण्णा, येतानाचं का मोजत नाही?"

"येताना ओझं असतं."

"पण दर वेळी असतं."

"म्हणूनच. तो गाडीचा दोष नाही, ओझ्याचा आहे. विद्यार्थी आजारी असताना आपण परीक्षा घेतो का?"

परतीचा रस्ता त्यांच्या लेखी कायमच आजारी होता.

दशक संपत आलं असताना एके दिवशी शाळेच्या वाचनालयात रविवारच्या पुरवणीत मला एक लहानशी बातमी सापडली. जपानात म्हणे अशी मोटार विकायला आलीय जिच्यात पेट्रोलचं इंजिन आहे आणि विजेची मोटरही आहे. सिग्नलला गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद होतं. ब्रेक दाबला की चाकांचा वेग वाया न जाता त्याची वीज होते, ती बॅटरीत साठते आणि पुढं चढणीला कामी येते. खाली लिटरला किती जाते तो आकडा होता. तो वाचून आमच्या शिक्षकखोलीत कुणाचाच विश्वास बसला नाही. गणिताचे सर म्हणाले, "छपाईची चूक असेल." मी शिपायाकडून कात्री मागून घेतली आणि कात्रण पर्समध्ये ठेवलं.

घरी अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून स्वतः दोनदा वाचलं. "म्हणजे मी घाटात करतो तेच की," ते म्हणाले. "जपानला आता सुचलं."

"तेच नाही. तुम्ही उतारावर मिळालेलं सगळं ब्रेकला घासून घालवता. त्यांची गाडी ते परत घेते आणि चढायला वापरते."

"परत घेते म्हणजे?"

मी सायकलचा डायनामो समजावून सांगितला. डायनामो लावला की पायडल जड होतं, म्हणजे वीज करताना चाक अडतं. चाक अडवायचंच असेल तर मग वीज करूनच अडवावं. अण्णांना ते पटलं. बराच वेळ ते कात्रणाकडं बघत होते. मला वेगळीच शंका छळत होती. हा आकडा त्यांनी कुठल्या रस्त्यावर काढला असेल? जपानात घाट असतीलच. जातानाचा आहे की येतानाचा?

त्याच महिन्यात कोल्हारहून माझी ताई आणि दाजी आले. दाजी तिकडच्या एका साखर कारखान्यात बॉयलरवर होते. सात वर्षं हंगामी काढून नुकतेच कायम झालेले. भला माणूस. हसला की डोळे मिटायचे. जेवण झाल्यावर त्यांनी सांगितलं की ते नोकरी सोडताहेत.

"शिर्डीत एक जन गाडी इकतोय, मामा," ते अण्णांना म्हणाले. आमच्याकडं जावई सासऱ्याला मामा म्हणतात. "डिट्टो तुमच्यासारखी. शिर्डीला येनाऱ्या लोकांना शनीला बी जायचं असतंय. शिर्डी, कोल्हार, राहुरी, सोनई. रोज एक फेरी मारली तरी बास. बॉयलरपुढं किती दिवस भाजून घ्यायचं?"

"पेट्रोलची गाडी धंद्याला?" आईनं विचारलं.

"समदे असंच म्हनत्यात. जीप घे, डिझेल घे. पन मी म्हनलं, आमच्या मामांची हीच गाडी अठरा देती. अठरा मंजे लई झालं. सोमवारी राजीनामा द्यायचा हाय. लिवून खिशात ठिवलाय."

त्यांनी शर्टाच्या खिशावर हात ठेवला. मी अण्णांकडं पाहिलं. अण्णा पान लावत होते. सुपारीचं खांड बोटात तसंच राहिलं.

वातावरण हलकं करावं म्हणून मी दाजींना जपानच्या गाडीचं कात्रण दाखवलं. त्यांना ते माझ्या शिक्षकखोलीतल्या कुणाहीपेक्षा आधी कळलं. "मंजे आमच्या कारखान्यासारखंच," ते म्हणाले. "उसाचा रस काढला की ऱ्हायलेली चिपाडं आमी बॉयलरला घालतो. त्या वाफंवर कारखाना चालतो, वीज बी व्हती. जे फेकायचं त्याच्यावरच पुढचं काम. ही गाडी काय निराळी न्हाई." मी इतकी खूश झाले, की दुसऱ्या दिवशी वर्गात हेच उदाहरण दिलं.

ताईला मात्र कशानंच बरं वाटत नव्हतं. मागं ओट्याशी भांडी विसळताना तिनं मला गाठलं. "तू मोजत असतीस सगळं. खरं सांग, किती देती गाडी?"

"जाताना अठरा," मी म्हणाले.

"आन् येताना?"

"येताना अण्णा मोजत नाहीत."

तिच्या हातातलं ताट तिथंच थांबलं. ती म्हणाली, "नोकरी एकदा सोडली की परत मिळत न्हाई गं. सात वर्षं वाट बघितली कायम व्हायला. ह्यांनी सगळं अण्णांच्या एका शब्दावर ठरवलंय."

शिर्डीच्या रस्त्याला घाट नाही. उतार नाही, चढ नाही, सगळा कसा पाटासारखा. अण्णांचा आकडा इमामपूरच्या घाटातून आलेला, आणि तो घाट दाजींच्या वाट्याला येणारच नव्हता. बोलावं तर अण्णा खोटे पडतात. गप्प बसावं तर ताईचं घर रस्त्यावर येतं. रात्रभर मी दोन्ही बाजूंनी विचार केला आणि सकाळी अण्णांना सरळ म्हणाले, "आपण दाजींच्या रस्त्यावर मोजू. जातानाही आणि येतानाही."

मला वाटलं होतं ते चिडतील. ते फक्त एवढंच म्हणाले, "चल. पाहुण्यांनाही घेऊ." त्यांना स्वतःला खरा आकडा ठाऊक होता की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

रविवारी आम्ही कोल्हारला गेलो. ताई, दाजी, आई, मी आणि अण्णा, गाडीत पाच जण. मीच म्हणाले होते की दाजींची गाडी काही रिकामी धावणार नाही. कोल्हारच्या पंपावरची फरशी एका बाजूला कललेली होती. गाडी जरा इकडंतिकडं उभी राहिली तर टाकीत अर्धा लिटर कमीजास्त मावतं. म्हणून टाकी भरून झाल्यावर मी पर्समधून खडू काढला आणि पुढचं चाक जिथं टेकलं होतं तिथं फरशीवर रेघ मारली. पंपावरचा माणूस म्हणाला, "बाई, गाडीचं लगीन हाय का काय?"

शिर्डीपर्यंत अण्णांनी इतक्या हळुवार गाडी चालवली, की एका उसाच्या ट्रॅक्टरनं आम्हाला मागं टाकलं. कालव्याचा पूल आला की पुलावरून उतरताना ते किल्ली फिरवायचे. उतार वीस पावलांचा. गाडी जेमतेम तेवढी घसरायची आणि लगेच हिसका देऊन इंजिन चालू करावं लागायचं. तीनदा असं झाल्यावर त्यांनी तो नाद सोडला. पुढं सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना ऊस आणि पेरूच्या बागा. औषधालाही उतार कुठं नव्हता. मी मागच्या सीटवरून त्यांची मान बघत होते. मला फार वाईट वाटत होतं, आणि तरीही आकडा किती येतो याची उत्सुकता काही कमी होत नव्हती. माझा स्वभावच तसा आहे, मी काय करू?

शिर्डीत आई आणि ताई फुलांच्या दुकानापाशी थोडा वेळ उतरल्या. आम्ही कुणी दर्शनाला जाणारी माणसं नव्हतो. चहा प्यालो आणि फिरलो. दाजी येताना त्या विकाऊ गाडीच्या मालकाचं घर दाखवत होते. अण्णा हूं हूं करत होते.

कोल्हारला परत आलो तेव्हा बरोबर साठ किलोमीटर झाले होते. चाक खडूच्या रेघेवर आणलं. अठराच्या हिशोबानं साडेतीन लिटरच्या आत टाकी भरायला हवी होती. पंपावरच्या माणसानं नळी लावली. पंपाचे आकडे फिरायला लागले. आम्ही पाचही जण खाली उतरून बघत होतो.

तीन झाले. साडेतीन झाले. चार झाले. दाजी माझ्याकडं बघायला लागले. मी पंपाकडं बघत राहिले. साडेचार. "टाकी फुटकी हाय का?" पंपावरच्या माणसानं विचारलं. कुणी हसलं नाही. पाच लिटरच्या वर गेल्यावर पेट्रोल तोंडाशी आलं आणि त्यानं नळी काढली.

दाजी म्हणाले, "कायतरी चुकलं आसंल. मगाशी टाकी पुरी भरली नसंल." ते अण्णांना वाचवत होते. जी नोकरी ते सोडायला निघाले होते तिच्यापेक्षा त्यांना त्या क्षणी सासऱ्याची लाज राखायची पडली होती. मला ते बघवेना.

"रेघेवरच भरलीय," अण्णा म्हणाले. "पोरीनं नीट मोजलंय." त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला. ते हिशोब करताना त्यांचे ओठ हलायचे, तसे हलले. "बारा. नाही, बाराही नाही. साडेअकरा."

मग पंपावरच्या त्या अनोळखी माणसासमोर, आईसमोर, लेकीसमोर ते जावयाला म्हणाले, "पाहुणे, माझा आकडा घाटाच्या उतरणीचा होता. येतानाचं मी कधी मोजलंच नाही. माझ्या शब्दावर नोकरी सोडू नका."

दाजींनी खिशावर हात ठेवला. राजीनामा तिथं होताच. तो त्यांनी बाहेर काढला नाही, फाडला नाही, नुसता वरून चाचपला. "बरं झालं, मामा," ते म्हणाले. "सोमवारी पहिल्या पाळीला जातो."

ताईनं डोळ्याला पदर लावला आणि धूळ गेली म्हणाली.

कोल्हारहून आम्ही तिघं नगरला परत निघालो. आई पेंगत होती. राहुरी गेल्यावर मला राहवलं नाही. "अण्णा, अठरा काही खोटं नव्हतं. जाताना देतेच ती."

"परत येतानाही आपणच असतो ना गाडीत," ते म्हणाले. एवढंच. मला अपराधी वाटलं. त्यांच्या हातातली एकुलती एक काठी मी काढून घेतली असं वाटलं. आता कुणी विचारलं तर ते काय सांगतील, याच विचारात मी घरी आले.

त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही गावी जाऊन आलो आणि येताना सोनईला पुन्हा टाकी भरून अण्णा पहिल्यांदाच नगरच्या पंपावर थांबले. चढणीच्या चाळीस किलोमीटरला साडेचार लिटर बसलं. म्हणजे नऊ. जाताना अठरा, येताना नऊ. आईनं लगेच साडेतेरा म्हटलं. मी म्हणाले, तसं नाही होत, ऐंशी किलोमीटरला पावणेसात लिटर लागलं, म्हणजे बाराच. घाट असो की सपाट रस्ता असो, उत्तर बाराच्या आसपासच येत होतं. उतारावर मिळालेलं साठवायची सोय आमच्या गाडीत नव्हती, म्हणून चढणीला सगळं नव्यानं द्यावं लागत होतं. मला ते इतकं सुंदर वाटलं, की आपले वडील शेजारी बसलेत हे मी क्षणभर विसरले.

संध्याकाळी अण्णा गाडी धूत होते. मी पायरीवर वह्या तपासत बसले होते. समोरच्या आळीतले हेडक्लार्क शतपावलीला निघालेले, ते थांबले. बरोबर त्यांचा कुणी पाहुणा होता. पाहुण्यानं गाडीकडं बघून विचारलं, "किती देते?"

हेडक्लार्कच म्हणाले, "अठरा देते म्हणतात मास्तर."

माझा लाल पेन थांबला. अण्णांनी फडकं पिळलं, बोनेटवर टाकलं.

"बारा देते," ते म्हणाले.

"बारा?" हेडक्लार्कांचा चेहरा खुलला. इतकी वर्षं अडून राहिलेला प्रश्न त्यांच्या तोंडात परत आला. "मग परवडतं कसं हो तुम्हाला?"

"नाही परवडत," अण्णा म्हणाले. "मला गाडी हवी होती."

आणि बादली उचलून ते मागच्या चाकाकडं गेले.